पाण्याची खोली

बाहेर उणे एकतीस.
जानेवारीत विनिपेगमध्ये पाऊस पडतो
तो फक्त आमच्या कारखान्यात, बारा नंबरच्या शेडमध्ये,
बटण दाबल्यावर.
नवी बस आत येते, शटर खाली येतं,
आणि चारी भिंतींतून, छतातून, जमिनीतूनसुद्धा
फवारे सुटतात तिच्यावर.
मी आत बसलेली असते. एकटी.
टॉर्च, निळा खडू, जुन्या टॉवेलचे तुकडे.
सव्वीस वर्षं एवढंच काम:
काय कोरडं राहिलं ते बघायचं.

पाण्याला वाट सांगावी लागत नाही.
ते खिडकीच्या रबराशी गोड बोलतं,
रिव्हेटच्या डोक्याभोवती दोन फेऱ्या मारतं,
आणि दाराच्या बिजागरीतून आत येतं
ते पाहुण्यासारखं नाही, घरच्यासारखं.
डिझेलच्या गाड्यांच्या खोडी मला पाठ होत्या.
कुठली कुठे रडणार, आधीच कळायचं.

मग हायब्रिड आल्या.
छपरावर बॅटऱ्यांची पेटी, लग्नातल्या ट्रंकेएवढी,
आणि तिथून मागच्या मोटरपर्यंत
नारिंगी केबल, मनगटाएवढी जाड.
ती ओवायचं काम रिझालिनोचं.
रबरी हातमोजे, त्यांच्यावर चामड्याचे,
आणि ओवताना तो इलोकानोत बोलायचा तिच्याशी,
बिचकलेल्या रेड्याशी बोलावं तसं.
जेवणाच्या सुट्टीत त्याने मला समजावलं:
ब्रेक लागला की वेग वाया जात नाही,
चाक मोटरला फिरवतं, मोटर वीज करते,
वीज वर पेटीत जाऊन बसते.
"या गाडीला थांबायचेही पैसे मिळतात."
आपल्याला कुठे मिळतात, मी म्हटलं.
त्या वर्षी दोनदा घरी बसवलं होतं आम्हाला.
तो हसला. त्याने भात दिला, मी पिरोगी.

सातवी गाडी.
शेवटच्या ओळीत, डाव्या सीटवर, एक थेंब.
केबल छतातून उतरते तिथल्या रबरी कड्याच्या बरोब्बर खाली.
पुसला. आकडे मोजत बसले. दोनशे दहाला
पुन्हा आला. तोच, किंवा त्याचा भाऊ.
मी निळं वर्तुळ काढलं. आत वेळ लिहिली.

फोरमन लॉर्न फ्रीसन वर चढला, बोटाने चाचपलं.
"दव असेल. तुझाच श्वास असेल, बोहदाना.
शुक्रवारी सोळा गाड्या जायच्यात."
थेंबे थेंबे तळे साचते म्हणतात.
सहाशे व्होल्टच्या शेजारी
तळ्याची वाट बघावी लागत नाही.
हे मी बोलले नाही.
त्याच वर्तुळावरून खडू पुन्हा फिरवला, दाबून.
त्याची मुलगी बसने शाळेत जायची.
तेही मी बोलले नाही,
आणि मी ते बोलत नाहीये, हे त्याला कळत होतं.

गाडी परत गेली.
रिझालिनोने अख्खी केबल उपसली. तीन तास.
एक शब्द नाही, माझ्याशी नाही, केबलशीही नाही.
कडं उलटं बसलं होतं. त्यानेच बसवलेलं.
दोन आठवडे भात आला नाही.
तिसऱ्या आठवड्यात आला, थोडा करपलेला,
आणि मी खरवडून खाल्ला.

आता मी पोर्टेज अव्हेन्यूवर उभी राहते,
एक काठी, दोन पिशव्या.
मार्च संपत आलेला, रस्त्याकडेचा बर्फ काळा.
बस येते, आणि थांब्यावर इंजिन गप्प होतं.
सुरुवातीला लोक दचकायचे, बंद पडली की काय.
आता कुणी मान वळवत नाही.
त्या शांततेत सगळं ऐकू येतं:
कुणाचं लिमलेट, कुणाचा दमा,
फोनवर हळू आवाजात चाललेलं भांडण.
आणि टप्.

माझी नजर वर जाते.
शेवटची ओळ, डावी बाजू.
कोरडी.
समोरच्या पोराच्या बुटावरचा बर्फ वितळतोय,
साधा, बाहेरचा.
"काही हरवलंय का?" शेजारची विचारते.
नाही, म्हणते मी,
आणि कोटाच्या खिशात
बोटं निळी होत राहतात.