वॉशिंग, साडेसातशे

उसगाव-तिस्कच्या वळणावर आमचं गॅरेज.
वेल्डिंग भावाचं, पावतीपुस्तक माझं.
आयवन फुर्तादो जीप घेऊन आला तेव्हा
गुरुदास सुंगटांच्या हुमणाशी बसला होता,
अर्धं ताट टाकून उठला.

'छप्पर काढ. सगळं.'
केस कापायला बसावं तसं म्हणाला आयवन.

आठ बोल्ट.
कडेची रबरी पट्टी
पडवळाच्या सालीसारखी सोलून निघाली.
तिघांनी उचललं, तिसरी मी.
वाटलं होतं त्याहून जड.
परसात माडाच्या बुंध्याशी उपडं टेकवून
खडूने लिहिलं, फुर्तादो.
बोल्ट चहापावडरच्या रिकाम्या डब्यात.

मग गुरुदासने त्याला बोटाने दाखवलं:
मागच्या सीटच्या पट्ट्याचं वरचं टोक
छपरातच अडकवलेलं होतं.
आता पट्टा उरला,
लोंबायलाही जागा नव्हती त्याला.

'पायप घालूया वाकवून, डोक्यावरून,
चासीला पक्का. दोन दिवस दे.
आणि आरटीओत विचार आधी.
पुस्तकात गाडी बंद,
रस्त्यावर उघडी. अडवतील.'

'रस्त्यावर कोण चालवतोय, पात्रांव?
खाणीत नेणार.'

खाणीत. बंद पडलेल्या,
जिथे डोंगराच्या पायऱ्या करून ठेवल्यात
आणि तळाशी पाणी हिरवं, कुणी न ढवळलेलं.
आमच्या बाबाने अठरा वर्षं टिपर हाकला तिथे,
टपाला तीन ठिकाणी पोचे, डोक्याला एकही नाही.
खाणीपर्यंत जायलाही रस्ताच लागतो
हे त्या दुपारी कुणाच्याच तोंडून निघालं नाही.
गिऱ्हाईक होतं, उन्हाळा होता,
वरून निळं आभाळ थेट सीटवर उतरलेलं.
खरं सांगते, मलाही एक फेरी मारावीशी वाटली.

पावतीवर काय लिहू?
गुरुदास रॉकेलने हात धूत होता.
'वॉशिंग लिही.'
लिहिलं. वॉशिंग, साडेसातशे.
माझं अक्षर चांगलं आहे.
शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायची.

नवव्या दिवशी गाडी उलटली.
वेग नव्हताच, माणूस चालेल इतका.
तिसऱ्या पायरीवर चाक निसटलं
आणि झोपेत कूस बदलावी तशी ती वळली.
पुढचे दोघे पट्ट्यात, खरचटले.
मागे होती आयवनची मामेबहीण लव्हिना,
दोन्ही हातांनी सीट धरून.
गळपट्टीचं हाड, कोपर, आणि एका कानाचं ऐकणं.
वाचली, असं सगळे म्हणतात.
ती स्वतः म्हणालेली मी ऐकलेलं नाही.

विम्याचा सर्व्हेअर आला, कुंकळ्येकर नावाचा,
बगलेत फायल, चपलांना लाल धूळ.
पावती पुढे धरली. 'हे अक्षर कोणाचं?'
'माझं.'
तो परसात गेला, परत आला.
'गाडी धुतलीत म्हणे.
छप्पर मग वाळत घातलंय का?'
चेष्टेने नाही, खरंच विचारल्यासारखं.
गुरुदास पान्यांच्या खोक्यात काहीतरी शोधू लागला.
मी म्हटलं, पाणी देऊ?
तो म्हणाला, द्या.

आता पावतीवर जे केलं ते लिहिते.
छप्पर काढले. पायप घातला नाही.
मालकाला सांगितले. मालकाची सही.
सहीपाशी पोचला की जो तो डोकं खाजवतो.
चार जण पुस्तक तसंच ढकलून फोंड्याला गेले.
गुरुदास तीन दिवस माझ्याशी बोलला नाही,
चौथ्या दिवशी नवं पेन आणून दिलं.

काल आयवन आला, बसने.
गाडी सरळ करून घेतोय म्हणाला,
छप्पर पाहिजे परत.
डबा ओतला. सातच बोल्ट.
आठवा कुठे, कुणालाच माहीत नाही.

आणि छपराखाली कोंबडी बसलीय,
अकरा अंडी घेऊन. हात लावला तर टोचते.
'किती दिवस?' त्याने विचारलं.
एकवीस, मी म्हटलं, त्यातले सहा झाले.
तो माडाखाली उकिडवा बसला,
पत्र्यावरचं आपलं नाव
अंगठ्याने पुसायला लागला.
खडू निघाला. खाली गंज होता.