चाळीस किलोमीटरचं कुंपण

दुर्बिणीच्या आवारात मोबाइल नेता येत नाही.
आकाश काय म्हणतंय ते ऐकायचं असतं,
म्हणून खाली सगळ्यांनी गप्प.
मी तारा जोडायला कारूत आलो
आणि डोर्कास क्लास्टेच्या मागच्या खोलीत राहिलो.

पहिल्याच आठवड्यात तिच्या अंजिरावर सरडा दिसला.
"ट्रापस्यूकीस," ती म्हणाली.
म्हणजे?
म्हणजे, पाऊल हळू टाक.

हे कसलं नाव!
कधीकाळी कुणी त्याच्या कानात सांगितलं असणार
आणि तो अजून पाळतोय.
एक पाय हवेत,
गार पाण्यात उतरू की नको, असा.

दिवसभर तो शब्द मी तोंडात ठेवला,
आवळ्याची फोड ठेवावी तसा.
वर पाणी प्यायलो, तेही गोड लागलं.

संध्याकाळी कपडे काढताना तिनं विचारलं,
तुमच्यात काय म्हणतात त्याच्याबद्दल?
सांगितलं: सरड्याची धाव कुंपणापर्यंत.
ती इतकी हसली की तोंडातले चिमटे खाली पडले.
"अरे, इथलं कुंपण बघितलंस का तू?
त्या फिल्यूनच्या मेंढ्यांचं चाळीस किलोमीटर आहे.
धावू दे की बिचाऱ्याला!"

सातवीत मास्तरांनी ही म्हण माझ्यावर टाकली होती,
सगळ्या वर्गासमोर.
तेव्हापासून ते कुंपण माझ्या गुडघ्याशी होतं.
त्या संध्याकाळी मी ते नजरेनं मोजत गेलो,
खांबामागून खांब,
शेवटचा खांब धुळीत दिसेनासा झाला.

शुक्रवारी लांब जायचं होतं. तिनं पत्र्याचा डबा दिला.
उकडलेली अंडी, मटणाचा गार तुकडा, पाव.
"पाटकॉस." वाटेवरचं खाणं.
मी 'डबा' म्हणणार होतो
आणि तोंडातून आलं, शिदोरी.
किती वर्षांनी! कुठे होतीस गं?
गाडी चालवताना दोनतीनदा मोठ्यानं म्हटलं,
ऐकायला फक्त मेंढ्या.

बदल्यात तिनंही एक मागून घेतला.
बरेच दाखवले, लुडबुड, गुळमुळीत, आगाऊ,
ती कापडाचा पोत बघावा तसे चाचपत राहिली.
शेवटी तिला आवडला टंगळमंगळ.
परसातली पवनचक्की रात्रभर करकरते
आणि पाणी काढते जेमतेम बादलीभर.
आता तिचं नाव ते आहे.

सकाळी सहाला, खिडकीखालून,
'ळ' च्या जागी जाडजूड 'ल' लावून,
डोर्कास त्या लोखंडाला ओरडते.
मी जागाच असतो.
उठत नाही,
आणखी एकदा ओरडेल म्हणून.