अर्थाची पट्टी

गिरप वकिलांची हेराल्ड, साल एकोणसत्तर,
रंग मुळात आमसुली, आता आमसुलाचं पाणी,
वेंगुर्ल्यात बंदर रोडला तीन आठवडे उभी.
चावी फिरवली की नुसतं
टक्.
जीभ टाळूला लावून सोडल्यासारखं.
नाही म्हणायची आमच्याकडे ही एक रीतच आहे.

सेल्फ गेला, म्हणाला कुडाळचा बॅटरीवाला.
सेल्फ गेला, म्हणाला पंपावरचा पोरगा,
ज्याच्या जन्माआधीच असल्या गाड्या बनायच्या थांबल्या.
मीही तेच म्हणाले.
सेल्फ उतरवला. कार्बन बघितले, भरपूर शिल्लक.
बेंडिक्स रॉकेलात धुतला,
दात मोजले, एकही पडलेला नाही.
बाकावर तार लावली तर असा भिरभिरला
की पायावर पडता पडता राहिला.
परत चढवला.
टक्.

मग रिक्षा पाठवून इनासमामला आणलं.
चार वर्षं झाली, त्याला ऐकू येत नाही.
आणि मला शिकवताना हाच म्हणायचा,
"आधी कान लाव, मगे पानो लाव."
नुसती भिरभिर आली तर दात धरत नाहीत.
खडाम् करून गप्प, तर दात रुतले,
गियरात टाक आणि गाडी मागेपुढे हलव.
कोंबडी दाणे टिपते तसं टकटकटक, तर बॅटरी.
एकट्या टक्-बद्दल तो काय सांगायचा
ते मी त्या वयात ऐकलं नसणार.

मामने मडगार्डवर तळवा टेकला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा.
"दिवे लाव. फिरव."
समोर बर्फाच्या कारखान्याची भिंत,
तिच्यावर दोन पिवळे गोल.
मी चावी फिरवली. गोल होते तसेच.
"मंद झाले?"
मी मान हलवली. नाही.
"आता चोकचो खटको धर. परत फिरव."
धरला. फिरवली. परत एकदा.
आणि हात झटकला.
खटका चहाच्या पेल्यासारखा गरम.

घरी परतायची मोठी वाट बंद झाली
म्हणून सगळा करंट त्या दोरीएवढ्या तारेवरून
वाट काढत होता बिचारा.

"सगळा आसा गो," मामने सांगितलं, "अर्थ नाय."

चाळीस वर्षं कलमांचा अर्थ लावलेले वकील
चष्मा पुसत पुढे आले. "म्हणजे नक्की काय?"
मी तोवर गाडीखाली होते.
इंजिनाकडून चासीकडे येणारी तांब्याची पट्टी,
वरून बघाल तर शाबूत.
खालच्या बाजूने मात्र खारं वारं इतकी वर्षं खात बसलेलं.
बोट लावलं. हिरवी भुकटी डोळ्यात पडली.

ट्रॉलरवरून उतरवलेल्या केबलचा वीतभर तुकडा,
दोन थिंबल, चासी घासून चकचकीत,
वर बोटभर ग्रीस. नव्वद रुपये.
तीन आठवडे मी काय उतरवत, चढवत होते
ते वकिलांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही.

चावी फिरवली.
हेराल्ड खोकली, थुंकली,
आणि लागली.
कारखान्यातली माणसं बाहेर आली.
वकील कुठेच निघाले नाहीत. बंद केली,
परत चालू केली, परत बंद, परत चालू,
पोरांनी दिव्याचं बटण खेळावं तशी.

मामचा तळवा मडगार्डवरच होता.
डोळे मिटलेले. मला वाटलं, भरून आलंय.
मी जवळ गेले तर म्हणाला,
"तिसरो सिलिंडर बरोबर मारणा नाय.
उद्या प्लग काढून बघ."