शब्दाला ओळंबा

माझ्या बापाचं नाव सुपडू,
कारण जन्मल्यावर त्याला खरोखरच सुपात घातलं होतं.
तेव्हापासून त्याचा समज,
लोक बोलतात ते तसंच असतं.

पारोळ्यात गवंडीकाम. खिशात ओळंबा, कानावर पेन्सिल.
कोकिळाबाईच्या सुनेबद्दल कोणीतरी म्हणालं,
नाचता येईना, अंगण वाकडं,
तर हा भर दुपारी, सेहेचाळीस डिग्रीत,
लेव्हलची नळी घेऊन तिच्या दारात.
"पाऊन इंच उतार शे. पोरनी चूक नही."
आणि अंगण सपाट करून दिलं, फुकट.
सून अजून नाचत नाही.
पावसाचं पाणी मात्र आता उंबऱ्याशीच बसतं.

घरोघरी मातीच्या चुली हे ऐकून
त्याने आमची गल्ली मोजली.
एकतीस घरं. अठ्ठावीस शेगड्या. दोन चुली.
एका घराला कुलूप:
"तठलं माले माहीत नही."

गाढवाला गुळाची चव काय?
त्यालाच विचारायला हवं ना!
कुंभाराच्या गाढवाला याने अर्धा किलो चारला.
चव होती. भरपूर होती.
पुढचे पंधरा दिवस ते आमच्या दाराशी उभं.
आई भाकरी थापता थापता त्याच्याकडे बघायची,
मग बापाकडे,
आणि म्हणायची, दोन झाले.

भिंतीला कान असतात, म्हणून
मालकाच्या चिक्कूपणाबद्दल
प्लास्टर वाळेपर्यंत एक अक्षर नाही.

मग धरणगावहून मोठे काका आले, स्थळ घेऊन.
मी तेव्हा आयटीआयला, घरांचे नकाशे काढायला शिकत होते.
काकांनी भरीत-पुरी चापली, ढेकर दिला, म्हणाले,
"पोर म्हंजे परकानं धन. कितला दिन ठेवशी?"

बाप पानावरून उठला.
पत्र्याची पेटी ओढली.
रेशनकार्ड, वीजबिलं, प्लॉटची खरेदी,
सगळ्यात खाली माझा जन्माचा दाखला.
चष्मा लावून तो मागून-पुढून वाचला,
शिक्क्यासकट.
आम्ही थांबलो. भरीत गार झालं.

"परकानं नाव कोठेच नही," म्हणाला.
"आठे तं मन्हंच शे."

काका हसले. आईने पदर तोंडाशी नेला.
बाप हसला नाही.
दाखल्याची जुनी घडी पुन्हा तशीच घातली
आणि माझ्याकडे वळून, खऱ्या काळजीने विचारलं,
तुला कोणी पावती-बिवती दिली होती का?