पदरचं

मुल्लासरांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या.
एक, स्क्रू जिथला तिथेच.
दोन, स्पीकर बदलल्यावर
ओळखीचं गाणं लावायचं नाही.
ओळखीच्या गाण्यात कान पदरचं घालतो,
खर्ज मेलेला असला तरी ऐकू येतो,
गिऱ्हाईक खूश होऊन जातं
आणि सोमवारी भांडायला येतं.

म्हणून दर शुक्रवारी
मारुती रोडवरचं शटर अर्धं ओढून
मी नवी गाणी शोधते.
भिंतीवर पुराची रेघ आहे,
रेघेच्या वर चार्जर, कव्हरं, काचा,
खाली फक्त माझं स्टूल.
हजार ऐकणारे असले तर ते गाणं मला जुनं.
चाळीसवाली चालतात. अकरावाली तर धावतात.
इंफाळचा एक मुलगा, शीळ घालता घालता चाल विसरणारा.
कोचीच्या दोघी बहिणी, श्वाससुद्धा वाटून घेणाऱ्या.
पुण्यातला कुणी, जो तिन्ही गाण्यांत
एकाच पार्किंगमध्ये उभा राहून रडतो.
पॉप, इंडी, आर-एन-बी.

"आर-एन-बी ही कुठली बँक?"
हळदीचे आडते भूपाल मगदूम विचारतात,
"बुडाली का चालू आहे?"
हंगाम संपला की दर वर्षी
त्यांच्या स्पीकरच्या जाळीतनं
मी टूथब्रशनं चिमूटभर हळद काढते.
काढायच्या आधी
इंफाळचा मुलगा जरा पिवळा ऐकू येतो.

ते गाणं मार्चमध्ये सापडलं.
गाणारीनं नाव घेतलेलं, कोरा चहा.
ऐकणारे सतरा.
आवाज असा, की दाराआडून कुणी विचारतंय, येऊ का,
आणि उत्तराआधीच चपला काढतंय.
एक मिनिट बाराव्या सेकंदाला
खालून घरघर.
मी स्पीकर उघडला. नवा घातला.
घरघर.
तिसरा घातला, कंपनीचा, सीलबंद डबीतला.
समोर कंडक्टर कोष्टीबाई ताटकळलेल्या,
त्यांची तासगाव गाडी फलाटाला लागलेली,
फोन पोट उघडा टाकून पडलेला,
घरघर.
मग हेडफोन लावून ऐकलं
आणि फ्लक्सच्या धुरात हसायलाच आलं.
बिघाड गाण्यात होता.

तिला लिहिलं, ही घरघर कसली?
रात्री दोनला उत्तर आलं,
फ्रिज.
भावाची बारावी आहे, म्हणून स्वयंपाकघरात गाते.
फ्रिज बंद केला की आईला जाग येते.
तुम्ही पहिल्याच, विचारणाऱ्या.
— शर्वाणी ठोसर, अकोला.

दिवाळीनंतर तिचं दुसरं गाणं आलं.
स्टुडिओतलं.
आवाज धुतलेला, कडक इस्त्रीचा,
चपला दाराबाहेर नीट जोडीनं ठेवलेल्या.
ऐकणारे चार लाख.
विलिंग्डनच्या पोरी रिंगटोन म्हणून लावून येतात,
मगदूमअण्णासुद्धा मान डोलावून म्हणाले,
ही बँक बरी आहे.
मला आनंदच झाला, खरंच झाला,
एक मिनिट बाराला मात्र
हात थांबला माझा, चिमट्यासकट.

परवा एक फोन आला, एसटीच्या चाकाखालून निघालेला.
स्पीकरचा पडदा आरपार फाटलेला.
आणि मी, काय झालं कोण जाणे,
त्यावर तिचं पहिलं गाणं लावलं.
सगळं ऐकू आलं.
येऊ का, चपला, खर्ज,
फ्रिज सुरू होतानाचा तो एक धक्का,
शेजारच्या खोलीतली झोपलेली आई.
गिऱ्हाईक म्हणालं, ताई, नुसती खरखर आहे की हो.

मग कोचीच्या बहिणी लावून
नवा स्पीकर तपासून दिला.
साडेतीनशे रुपये.
पदरचं धरलं नाही.