तळटीप एकेचाळीस

बाबा रुवीत सिमेंटच्या कंपनीचे हिशेब लिहितात,
म्हणून मला इथं खोली फुकट.
विद्यापीठ अटलांटिकपल्याड. विषयही तिथलाच:
एका महासागराचे दोन काठ आणि त्यांचा धर्म.
कुठल्याशा गावच्या चर्चमधल्या बायकांनी
केक विकून जमवलेले डॉलर,
लिव्हरपूलला बदललेली आगबोट,
कापसात गुंडाळलेल्या बाटल्या,
आणि सगळ्यात शेवटी
मत्राहच्या डोंगराला पाठ टेकून बसलेला
दोन खोल्यांचा दवाखाना.

मार्गदर्शक बाई पडद्यावर येतात तेव्हा
त्यांच्या हातात सकाळची कॉफी,
माझ्या खिडकीत अस्राची बांग.
म्हणतात, आखात हा तुझा शेवटचा थांबा आहे,
विषय नव्हे. भरकटू नकोस.

मी भरकटले ते एका खतावणीमुळं.
साल एकतीस. रॉकेल. गॉज. गाढवाचं भाडं.
दर महिन्याला एक ओळ इंग्रजीत:
नेटिव्ह मदतनीस, एस., रुपये बारा.
(रुपयेच चालायचे इथं तेव्हा.)
आणि ऑगस्टच्या पानावर, खाली, पेन्सिलनं:
"पावले. सालोमी वैरागर."
बाळबोध अक्षर. डोक्यावरची रेघ इतकी सरळ
की लहानपणी बोटांवर पट्टी बसली असणार.

मी हातमोजे काढले. काढायचे नसतात.

मग डॉक्टरीणबाईंची पत्रं पुन्हा वाचली, एकशे चौदा.
उकाडा आहे. प्रभूची कृपा आहे.
गच्चीवर ओल्या चादरी पांघरून झोपणं आहे.
"या वर्षी आम्ही एकशे सहा बाळंतपणं केली" आहे.
सालोमी नाही.
आहे ती त्या "आम्ही"मध्ये,
खिशाच्या अस्तरात घरंगळलेल्या नाण्यासारखी,
बाहेरून चाचपली की लागते.

बीबी झुवैनाचं घर मासळीबाजाराच्या वर.
वय विचारलं तर म्हणते, दवाखान्याला विचार.
सुक्या लिंबाचा काळा चहा देते.
माझी अरबी शाळेतली, तिची हिंदी रेडिओवरची,
दोघी मिळून एक भाषा होते.
परदेशी बाईबद्दल तिला फार नाही सांगता येत.
उंच होती. घड्याळ छातीवर उलटं लावायची.
पण एक शब्द आहे, म्हणते,
अमेरिकेचा.
कळा सुरू झाल्या की तो कानात सांगायचा.
आईनं मला सांगितला, मी सुनांना.
परवा नातसुनेला फोनवर, ती ऑपरेशनच्या टेबलावर होती तरी.

कुठला शब्द?

ती दार लोटून घेते, पुरुष नकोत ऐकायला.
माझ्या कानाशी येते, तोंडाला लवंगेचा वास:
दम्दार. दम्दार.

तिचा नातू इस्माईल इंजिनियर आहे, तो जिन्यातून हसतो.
अमेरिकेचा कसला, अरबीच आहे.
दम म्हणजे रक्त, दार म्हणजे घर.
रक्ताचं घर. अर्थ बसतो की नाही?

बसतो. माझ्या मोडक्या अरबीतसुद्धा बसतो.

मी चहा खाली ठेवला.
कारण मला कोणीतरी वाकलेलं दिसलं, पदर खोचलेलं,
भाषा येत नसलेल्या बाईचा घामेजला हात धरून
घरच्या भाषेत सांगणारं,
दम धर गं. दम धर.

रात्री मार्गदर्शक बाईंना लिहिलं.
उत्तर आलं, सहृदय, दोन ओळींचं:
सुंदर. पण पुरावा?
तळटिपेत घाल.

घातली आहे. क्रमांक एकेचाळीस.
स्रोत: मौखिक. भाषा: या रकान्यात
मी आधी मराठी लिहिलं, मग खोडलं,
मग अरबी लिहिलं,
आता तिथं नुसती रेघ आहे,
सरळ,
आणि खाली उतरले तर बंदरात
लाकडी होडी रंगवत बसलेला म्हातारा विचारतो,
बेटी, संपलं का तुझं पुस्तक?
नाही म्हटलं.
अजून बारा रुपयांवरच आहे.