भाग क्रमांक एकशे सात

शाळा सुटली की मी यादी घेऊन निघते.
खारीवाव रस्त्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत
अकराशे बावीस माणसं माझ्या पिशवीत,
गुजराती अक्षरांत, फोटोसकट.
चौकटीत घर नंबर, वय,
आणि बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव.
पोळीतली पोरं ओरडतात, 'चुंटणीवाळां बेन आव्यां!'
कुत्री आता भुंकत नाहीत.

सहा नंबरचा फॉर्म म्हणजे नवं नाव.
सात म्हणजे नाव काढायचं.
आठ म्हणजे चूक झाली, किंवा घर बदललं.
तिसरीच्या वर्गात पाढे म्हणावेत
तसं मी हे दारोदार म्हणते
आणि लोक विचारतात, चहा की पाणी.

दौलतराव साळुंखे यादीत
दोलतभाई सोलंकी झालेत.
म्हटलं, आठ नंबर भरू या, आधारची झेरॉक्स द्या.
म्हणाले, 'राहू द्या हो बाई,
सोलंकीनं तीनदा मत दिलंय, कुठं अडलं नाही.
साळुंखेला परत पहिल्यापासून रांग लावावी लागेल.'
आतून कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून काकू म्हणाल्या,
'भरा हो तुम्ही!
माझ्या चौकटीत नवरा म्हणून
कोण तो सोलंकी बसलाय!'

मान्यांची रेवती एकोणतीस सप्टेंबरची.
एक ऑक्टोबरला अठरा पूर्ण हवीत.
दोन दिवसांनी आत आली पोरगी.
तिनं मोबाईलवरून अर्ज केलेला,
पण फोटोत मागं देवघर आलं, म्हणून परत.
मग फ्रिजच्या पांढऱ्या दारापुढं उभी केली,
दारावरची चुंबकाची कैरी आधी काढून.
'मावशी, मत कुणाला देऊ?'
तो रकाना माझ्या फॉर्मात नाही, म्हटलं.
ती हसली नाही. विचारात पडली.
मला ते बरं वाटलं.

खानविलकरांकडे मी तीनदा गेले.
कमलाक्षराव जाऊन आठ महिने.
दाखला तयार होता, पेन माझ्या हातात होतं,
प्रमिलाबाई सात नंबरच्या कागदाकडे बघत होत्या.
'बँकेतून काढलं, रेशनमधून काढलं, गॅसवरून काढलं.
एवढं एक इलेक्शन राहू दे ना.
त्यांचं नाव घेऊन दार वाजवणारं
तू सोडून आता कोण आहे?'
नियम मला पाठ आहे.
नियम सांगताना मी त्यांच्या खिडकीतल्या
तुळशीकडे बघत होते.
तिसऱ्या खेपेला त्यांनी सही केली,
गुजरातीत नाही, मोडीसारख्या वळणदार मराठीत,
रकान्याबाहेर गेली तरी मी काही बोलले नाही.

डिसेंबर. मतदानाचा दिवस.
शाळेच्या फाटकाशी माझं टेबल,
स्वेटरवर बिल्ला, समोर यादी, वाऱ्यावर उडू नये म्हणून खडूची पेटी.
ज्या वर्गात मी शिकवते, तिथंच यंत्र;
फळ्यावरचा सुविचार कुणीतरी पुसून टाकलेला.
दौलतराव आले, साळुंखे म्हणून,
जरा अवघडल्यासारखे, नव्या चपला घातल्यागत.
रेवती दुपारी आली, बाहेर पडताना
डावी तर्जनी दुसऱ्या मुठीत धरून,
जणू शाई अजून ओली आहे.
'चिठ्ठी सातच सेकंद दिसते, मावशी.
मी मोजले. सातच.'

चार वाजता प्रमिलाबाई.
मी पान उलटलं, बोट फिरवलं,
चारशे तेरा.
त्यांनी चष्मा पुसून वरच्या चौकटीत पाहिलं.
चारशे बारा. फोटो तसाच, कोट घातलेला,
वरून तिरपा शिक्का: कमी.
'आहेत की अजून.'
हो, म्हटलं, पण कमी केलेत.
'ते आधीपासून कमीच बोलायचे,'
म्हणाल्या, आणि चिठ्ठी घेऊन
माझा हात न धरता पायऱ्या चढल्या.

जानेवारीत नवी यादी छापून येईल.
गाळलेली नावं जातील, आकडे वर सरकतील.
चारशे बारावर तेव्हा प्रमिलाबाई असतील.
हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.